बाकांपुरते लोकपाल

आपली हद्द ओळखणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण हद्दीवर जीव लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. आमचे हे मामेसासरे इटियाडोह धरणाच्या कालव्यावर तीस वर्षं कालवा निरीक्षक होते. कालव्याचा जो तुकडा त्यांच्या वाट्याला आला होता, त्याच्या दोन्ही टोकांना त्यांनी स्वतःच्या हातानं दगड रोवले होते आणि दर दिवाळीला घराआधी त्या दगडांना चुना लागत असे. दगडाच्या अलीकडे पाण्याचा एक थेंब वाया गेला तर ते जेवत नसत. दगडाच्या पलीकडे सगळा कालवा वाहून गेला असता तरी त्यांनी फक्त पलीकडच्या निरीक्षकाला चिठ्ठी पाठवली असती, असं त्यांचे सोबती म्हणत. पण हे काही खरं नव्हतं. एकदा भर दुपारी दगडाच्या दहा पावलं पलीकडे कालव्याला भगदाड पडलं, तेव्हा मामाजींनी धोतराचा काचा मारला, चार मजूर हाताशी घेतले आणि छातीइतक्या पाण्यात उतरून ते बुजवलं. मग काठावर बसून, धोतर पिळत, त्यांनी पलीकडच्या निरीक्षकाला रीतसर कळवलं की आपल्या हद्दीत पडलेलं भगदाड एका अज्ञात इसमानं बुजवल्याचं दिसून आलं, तरी पाहणी व्हावी. हा अज्ञात इसम पुढं माझ्याही आयुष्यात उतरला, म्हणून ही गोष्ट आधी सांगून ठेवतो.

त्यांचं घराणं तळी बांधणाऱ्यांचं. गावचं तळं त्यांच्याच कुठल्या खापरपणजोबानं बांधलेलं, त्यामुळे पाणी वाटायची अक्कल रक्तातच होती. कालव्याच्या तोंडाशी ज्याचं शेत तो पोटभर पाणी घेतो आणि टेलवाल्याचं, म्हणजे शेवटच्या टोकाच्या माणसाचं, धान वाळतं, हा सगळ्या कालव्यांचा रोग. मामाजींनी त्यावर एकच औषध शोधलं होतं. पाणी आधी टेलला पोचवायचं, मग मागे मागे येत वरची दारं उघडायची. कालव्यापुरतं हे ठीक होतं, पण त्यांनी ते अख्ख्या आयुष्याला लावलं. बसमध्ये ते शेवटच्या सीटवर बसत. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचत. लग्नाच्या पंगतीत वाढप्या पातेलं घेऊन पुढच्या पाहुण्यांकडे निघाला, की मामाजी त्याला कोपरानं धरून पंगतीच्या शेपटाकडे नेत आणि तिथून वाढायला लावत. आमच्या लग्नात तर पंगतीच्या तोंडाशी माझे वडील आणि गोंदियाहून आलेले आमचे सगळे मानकरी बसले होते. त्यांच्या पत्रावळीवर भात पडेपर्यंत शेवटच्या माणसाचं ताक पिऊन झालं होतं. वडिलांनी हा अपमान पुढं बारा वर्षं जपून ठेवला.

शिवाय त्यांच्याजवळ एक लाकडी पट्टी असे. पाच फूट उंच, तांबड्या-पांढऱ्या खुणांची, कालव्यातलं पाणी मोजायची. निवृत्त होताना सरकारी माल म्हणून त्यांनी ती परत केली आणि घरी येऊन सुताराकडून हुबेहूब तशीच दुसरी करून घेतली. तिनं ते विहिरीचं पाणी मोजत, अंगणातला चिखल मोजत, आणि आमची मुलगी दर उन्हाळ्यात किती वाढली तेही मोजत. आमच्या घरी मुक्काम असताना माझं आणि बायकोचं काही वाजलं, की मामाजी पट्टी आणि पिशवी उचलून अंगणात जाऊन बसत. एकदा बायकोनं चिडून म्हटलं, की मामाजी, तुमी तरी यांना काही सांगा. त्यावर ते शांतपणे म्हणाले, की दाराच्या आतलं माझ्या हद्दीत नाही, तुमी बाहेर येऊन भांडा, मंग पाहू.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका बाजारगावी शाळामास्तर होतो, अजूनही आहे. गणित शिकवतो आणि नववीचा वर्गशिक्षक असतो. आमच्या संस्थेच्या पाच शाळा आहेत आणि अध्यक्षांची राइस मिल आहे. ज्या वर्षी टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ लोकपाल हा एकच शब्द ऐकू येत होता, त्या वर्षी पालकसभेत बरीच गरमागरमी झाली आणि अध्यक्षांनी जोशात जाहीर केलं, की दिल्लीला होईल तेव्हा होईल, आपल्या शाळांना आपण आधी लोकपाल नेमू. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी जोश उतरल्यावर त्यांना काळजी लागली. त्यांनी हेडमास्तरांना आणि मला बोलावून घेतलं. त्यांच्या मनातला लोकपाल कसा हवा, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. ‘‘ऐसा आदमी चाहिए मास्तरजी, जो लाइन के बाहर एक इंच न जाए.’’ मी हसून म्हणालो, की असा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे आणि तो आमच्या घरी मुक्कामाला आलाय. मी हे गमतीनं बोललो होतो. अध्यक्षांनी ते लिहून घेतलं.

नेमणुकीचं पत्र मी आजही विसरलेलो नाही. त्यात नेमणूक चार ओळींत होती आणि उरलेली अडीच पानं लोकपालांनी काय पाहायचं नाही याची होती. परीक्षा, गुण आणि निकाल पाहायचे नाहीत. प्रवेश पाहायचे नाहीत. शिक्षकांच्या नेमणुका, बदल्या, रजा पाहायच्या नाहीत. वर्गातली शिक्षा पाहायची नाही. जे कोर्टात गेलं ते नाही, जे शिक्षण खात्याकडे गेलं ते नाही, तीन महिन्यांपूर्वीचं नाही, निनावी नाही, आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांबद्दल तर काहीच नाही. हे सगळं वजा केल्यावर इमारत, फर्निचर, पिण्याचं पाणी, मुताऱ्या आणि शाळेची घंटा एवढं शिल्लक राहत होतं. म्हणजे शाळेत शिक्षण सोडून जे काही घडतं त्यावर लोकपालांचा पूर्ण अधिकार होता. माझी बायको पत्र वाचून इतकी हसली, की तिला ठसका लागला. मामाजींनी मात्र ते पत्र अर्थातच शेवटच्या पानापासून वाचलं, दोनदा वाचलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की काय सांगू.

‘‘लय साफ पत्र आहे जी,’’ ते म्हणाले. ‘‘आपली हद्द कुठं संपते, हे असं लिहून देनारा साहेब मले तीस वर्षांत भेटला नाई.’’

प्रयोगशाळेच्या मागची अडगळीची खोली त्यांना मिळाली. माझा नववीचा वर्ग आणि ती खोली यांच्यामध्ये फक्त एक प्लायवूडची भिंत होती. दर मंगळवारी मामाजी पहिल्या बसनं, शेवटच्या सीटवर बसून येत आणि अकरा ते दोन तक्रारी ऐकत. पहिलीच तक्रार घंटेची होती. मधली सुटी कधी लवकर होते, कधी उशिरा. मामाजी तीन मंगळवार हातात घड्याळ घेऊन उभे राहिले आणि त्यांनी शोधून काढलं, की आमचा शिपाई बल्लारशाच्या पॅसेंजरची शिट्टी ऐकून सुटीची घंटा देत होता. गाडी लेट तर सुटी लेट. ही गोष्ट वीस वर्षं चालू होती आणि आम्हा कोणाच्या लक्षात आली नव्हती. मामाजींनी अहवालात भिंतीवरच्या घड्याळाची शिफारस केली आणि खाली एक ओळ वाढवली, की गाडी लेट का येते याची चौकशी करण्याचा अधिकार लोकपालास नाही.

हद्दीबाहेरच्या तक्रारी तर ढिगानं येत. त्या प्रत्येकीला ते स्वतःच्या अक्षरात उत्तर देत. तुमची तक्रार वाचली, ती माझ्या हद्दीत नाही, ती अमुक साहेबाच्या हद्दीत आहे, त्यांचं कार्यालय गोंदियाला अमुक ठिकाणी आहे, आणि तिथं जायला सकाळी इतक्या वाजताची बस बरी. लोक चिडत. एक पालक तर बाहेर पडताना मोठ्यानं म्हणाला, की हा लोकपाल आहे की बसस्टँडवरची खिडकी. मामाजींनी ते ऐकलं आणि मनाला लावून घेतलं नाही. माणसाला आपलं दार कोणतं हे कळलं तरी अर्धं काम झालं, असं त्यांचं मत होतं.

आता मला माझी गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगताना मला बरं वाटत नाही. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल फार चांगला लागत असे आणि गेटवर तसा बोर्डही होता. त्याचं कारण आम्हा मास्तरांना ठाऊक होतं. दहावीला दगा देतील अशी वाटणारी पोरं आम्ही नववीतच अडवत होतो. एप्रिलमध्ये हेडमास्तर एक यादी देत, आणि यादीतल्या पोरांचे गुण गणितात कमी पडत. म्हणजे मीच ते कमी पाडत असे. त्या वर्षीच्या यादीत त्रिवेणी नावाची एक मुलगी होती. शेवटच्या बाकावर बसणारी, फळ्याकडे डोळे बारीक करून पाहणारी, उत्तर येत असलं तरी हात वर न करणारी. तिला छत्तीस होते. मी सव्वीस लिहिले. वरून आलं होतं, असं मी तेव्हा मनाला सांगितलं आणि मनानंही ते फार लवकर ऐकलं.

एक मेला निकाल लागला आणि त्यानंतरच्या मंगळवारी त्रिवेणीची आई लोकपालांच्या खोलीत आली. ती बिडी कामगार होती. मी पलीकडे गुणपत्रिका लावत बसलो होतो आणि प्लायवूडमधून मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. तिला शाळेतून सांगण्यात आलं होतं, की मुलीचा दाखला काढून घ्या आणि पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवा. बाहेरून म्हणजे घरातून, आणि घरातून म्हणजे कधीच नाही, हे त्या बाईला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

‘‘पोरगी लय हुशार नाई जी, मले मालूम आहे,’’ ती म्हणत होती. ‘‘पन नापास होन्यासारखी बी नाई. घरचे म्हनून राहिले, आता बिडीवर बसव तिले. सुपात पानं एकदा घेतले ना, मंग पुस्तक कोनी हाती घेत नाई. मीबी नववीतच सोडली होती.’’

 मामाजींनी तेच सांगितलं जे ते सगळ्यांना सांगत. निकाल माझ्या हद्दीत नाही. त्यांनी पत्ता लिहून दिला, बसची वेळ लिहून दिली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली, हे दोन्ही मी खरं सांगतो. बाई दारापर्यंत गेली असेल, तेवढ्यात मामाजींनी तिला परत हाक मारली.

‘‘बाई, तुमची पोरगी बसत होती ते बाक कसं होतं?’’

बाईला काही कळेना. ती म्हणाली, बाक मोडकाच होता, मागे टेकायची फळी नव्हती, फ्रॉक फाटत होता खिळ्यानं.

‘‘मंग असं लिहून द्या,’’ मामाजी म्हणाले. ‘‘बाक माझ्या हद्दीत आहे.’’

आणि ती पाच फुटी पट्टी घेऊन ते माझ्या वर्गात शिरले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते शेवटच्या बाकाजवळ गेले, बाक मोजलं, खिळा मोजला, आणि मग तिथून पुढं येत येत सगळीच बाकं मोजली. नंतर दहावीच्या वर्गात गेले. नंतर कचेरीत जाऊन त्यांनी बाबूकडून मागच्या पाच वर्षांचे पट मागितले. कशाला, तर जूनमध्ये किती बाकं लागतील ते ठरवायला. बाबूनं नेमणुकीचं पत्र काढून पाहिलं, फर्निचरसंबंधी माहिती देणे असं त्यात स्पष्ट होतं, त्यानं रजिस्टरं दिली. दुपारी ते आमच्याकडे जेवायला आले.  मी एकदा धीर करून म्हणालो, ‘‘मामाजी, त्या निकालाचं सांगायचं तर...’’ त्यांनी तसाच उष्टा हात वर केला. निकालाची साक्ष घ्यायचा अधिकार मले नाई, तुमी जेवा. एवढं बोलून ते माझ्या बायकोला सागाच्या बाकाला किती वर्षं आयुष्य असतं ते सांगू लागले.

अहवालाचं नाव होतं ‘नववीच्या बाकांची तपासणी’. पहिली दोन पानं खिळ्यांची आणि फळ्यांची होती. तिसऱ्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, की नववीची बाकं लवकर मोडतात, कारण त्यांवर तीच मुलं दोन दोन वर्षं बसतात. यंदा आठवीच्या दारातून साठ मुलं नववीत सोडली आणि दहावीच्या दारावर अडतीस पोचली, आणि पाच वर्षं असंच चालू आहे. पुढचा मजकूर मला पाठ आहे. ‘वरून सोडलेले व खाली पोचलेले यात इतका फरक असल्यास मध्ये भगदाड आहे असे समजावे. भगदाड कशाने पडले हे पाहण्याचा अधिकार लोकपालास नाही. सबब, दहावीच्या वर्गात बावीस विद्यार्थ्यांची जागा बाकांसह रिकामी आहे एवढेच नमूद करून नववीची बाकं दुरुस्त करावीत अशी शिफारस आहे.’

फर्निचरचे अहवाल गेटवरच्या फलकावर लावायचे, हा नियम अध्यक्षांनी स्वतःच हौसेनं घातला होता. अहवाल लागला तो नेमका आठवडी बाजाराच्या दिवशी. भाजीच्या पिशव्या घेतलेली माणसं फलकासमोर थांबू लागली. कोणी वाचून दाखवत होतं, कोणी बोटांवर मोजत होतं. पुढच्या मंगळवारी पालकांची रांग लागली. निकालाची तक्रार एकानंही केली नाही. प्रत्येकाला दहावीच्या वर्गातलं ते रिकामं बाक पाहायचं होतं. आपल्या पोराची जागा कोणती, एवढंच ते विचारत. त्रिवेणीची आई त्यात होती. ती एका बाकावर बसली आणि हातानं ते बाक चाचपून उठली.

अध्यक्ष गाडी घेऊन आले. हेडमास्तरांच्या खोलीत त्यांनी तो अहवाल एका हातात आणि नेमणुकीचं पत्र दुसऱ्या हातात धरून ओळ न् ओळ ताडून पाहिली. शेवटी थकून म्हणाले, की बाहर तो एक इंच नहीं गया आदमी. जूनमध्ये त्या बावीस जणांची फेरपरीक्षा झाली. पेपर दुसऱ्या शाळेत तपासायला गेले. चौदा जण पास झाले. त्रिवेणीला गणितात सदतीस पडले.

त्याच महिन्यात मामाजींना दुसरं पत्र आलं. लोकपाल हे पद रद्द करण्यात येत आहे, एवढी एकच ओळ. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. त्यांनी ते मागून-पुढून पाहिलं आणि हेही साफ आहे म्हणाले. खोलीवरची ‘लोकपाल’ ही पाटी त्यांनी स्वतः उतरवली आणि ती रंगवणाऱ्या ड्रॉइंग मास्तरांना परत दिली, कारण पाटी शाळेच्या हद्दीतली होती.

माझा हिशेब मात्र चुकता व्हायचा राहिला होता. त्या वर्षी दिवाळीला आम्ही त्यांच्या गावी गेलो. पाडव्याच्या सकाळी ते मला तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फिरायला घेऊन गेले. धान पिवळं पडलं होतं, काही शेतांत कापणी चालू होती. मी त्यांना सगळं सांगितलं. यादी, छत्तीस, सव्वीस, सगळं. मी म्हणालो, तुम्ही एकदा तरी विचारायला हवं होतं मामाजी. ते पट्टी पाण्यात उभी धरून खूण वाचत राहिले.

‘‘तवा ते माझ्या हद्दीत नव्हतं,’’ ते म्हणाले. ‘‘आता त मी लोकपालबी नाई.’’ मग पट्टी झटकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘ते तुमच्या हद्दीत होतं, जवाईबापू.’’

एवढंच. आवाज चढलेला नव्हता. माझ्या आजवरच्या नोकरीत मला कोणी इतकं बोललं नाही आणि इतकं कमी शब्दांतही बोललं नाही. परत येताना ते पुढं, मी मागे. घरी जेवणाची पंगत मांडली होती. जावयाची जागा तोंडाशी, पाटाभोवती रांगोळीसकट. मी तिथं बसलो नाही. लहान पोरांच्या पलीकडे, अगदी शेवटी, भिंतीशी जाऊन बसलो. बायकोनं डोळ्यांनीच विचारलं, मी मान हलवली. मामाजी स्वतः नव्या तांदळाच्या भाताचं पातेलं घेऊन आले. माझ्या रिकाम्या पाटाकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग नेहमीसारखे ते थेट पंगतीच्या शेपटाला आले आणि त्या दिवशीचा पहिला भात माझ्या पत्रावळीवर पडला. माझे डोळे भरून आले. भात गरम होता, असं मी मुलीला सांगितलं.

मामाजींना जाऊनही आता काही वर्षं झाली. कालव्याच्या त्या दोन दगडांना कोणी चुना लावत नाही. ती पट्टी मामींनी मला दिली, वर्गात फळ्याच्या बाजूला उभी असते. नवीन पोरांना वाटतं ती मारायची आहे, मग पहिले दोन दिवस वर्ग शांत असतो. त्रिवेणी दहावी झाली, पुढं बारावीही झाली, आणि आता एका अंगणवाडीत आहे. बाजारात भेटली की नमस्कार सर म्हणते. तिला त्या दहा गुणांचं ठाऊक आहे की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारायला हवं.

हेडमास्तर बदलले, पण एप्रिल आला की यादी अजून येते. मी ती घेतो आणि पट्टीच्या मागे, भिंतीला लावून ठेवतो. मग पेपरांचा गठ्ठा उलटा करतो आणि शेवटच्या बाकापासून तपासायला घेतो. छत्तीस असतील तिथं छत्तीस लिहितो.